वेळ नाही, कागद दमट, आणि दिवाळीची शुभेच्छापत्रं मात्र हातानेच करायची आहेत

माडाखालची | १० ऑगस्ट २०२५, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय.

मी धोपाव्याजवळ राहते. नोकरी खाडीपलीकडे दाभोळला, एका पतसंस्थेत. सकाळी डबे, झाडलोट, मुलाची शाळेची गडबड, मग धावत फेरीबोट. संध्याकाळी तीच बोट उलटी. घरी आल्यावर सासूबाईंचं औषध, मुलाचा सहावीचा अभ्यास, भाकऱ्या, आणि नवरा बागेतून आला की त्याची त्या दिवशीची माकडांची कथा. सगळं आटपून कागद-कात्री घेऊन बसावं तर रात्रीचे दहा वाजलेले असतात, आणि साडेदहाला लाईट जाते.

चार वर्षांपूर्वी हौसेने दिवाळीची ४० शुभेच्छापत्रं हाताने केली होती. दुसऱ्या वर्षी २६. तिसऱ्या वर्षी ११, त्यातली ३ तुळशीच्या लग्नानंतर पोचली. (आमच्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंत दिवाळीच असते, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं.) गेल्या वर्षी हात टेकले, चिपळूणहून छापील आणली आणि पाठवली. चार दिवसांनी गिरगावातल्या मावशीचा फोन. मला वाटलं पत्र मिळालं म्हणून केला असेल. तर ती म्हणते, "काय गं, आजारीबिजारी होतीस की काय?"

म्हणून यंदा परत हाताने. निदान २५ तरी.

दोन अडचणी आहेत. एक वेळेची, ती सांगितलीच. दुसरी आपल्या हवेची. मागे एकदा श्रावणातच ९ करून ठेवली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, कपाटात. नवरात्रात पिशवी उघडली तर जिथे जिथे चिकटवलं होतं तिथे पांढरी लव आलेली. दोन पत्रांना कसर लागलेली. उरलेली अशी वळली होती की टेबलावर ठेवली तर डुलायची.

तुम्ही कसं जमवता?

सोलकढी | १० ऑगस्ट, रात्री ११:४१

वेळ मिळत नसतो, काढावा लागतो. :)

माडाखालची | १० ऑगस्ट, रात्री ११:५२

सोलकढी, हे वाक्य आमच्या शाखेतल्या कॅलेंडरवर छापलेलं आहे. मी रोज त्याच्याखाली बसून कॅश मोजते.

हर्णैकरीण | ११ ऑगस्ट, दुपारी २:१५

मी सांगते माझं. आमची बोट आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा नवरा आणि दीर पडवीत बसून जाळी दुरुस्त करतात आणि मी त्यांच्या शेजारी बसून कार्डं करते. तुमचा सगळ्यात वाईट हंगाम तो माझा चांगला. ऑगस्ट लागला, बोटी गेल्या, की माझं बंद. मग बाजार, बर्फ, लिलाव, हिशेब.

पण त्या दोन महिन्यांत तरी मोकळा वेळ कुठे असतो? चार माणसांचं जेवण आहेच. मी जाळीवाल्यांकडून एक शिकले. जाळी दुरुस्त करणारा माणूस अख्खं जाळं मांडीवर घेत नाही. आज एवढा पट्टा, उद्या पुढचा. मध्ये उठला तरी सुई जिथे अडकवली तिथून परत सुरू. मीसुद्धा एक कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत कधीच करत नाही. एका बसणीत एकच क्रिया. ज्या दिवशी कापायचं त्या दिवशी नुसतं कापायचं, सगळ्या ३०चं. घड्यांच्या दिवशी नुसत्या घड्या. पेढ्यांचे ४ रिकामे खोके ठेवलेत. कापलेली एकात, घडी घातलेली दुसऱ्यात, चित्र झालेली तिसऱ्यात, मजकूर लिहिलेली चौथ्यात. कोणी हाक मारली की हातातलं कार्ड कुठल्या खोक्यातलं एवढंच बघायचं आणि उठायचं. परत बसताना "मी कुठे होते बरं" हा प्रश्न पडत नाही. वेळ त्यात जातो, कामात नाही जात.

आणि आतलं पान मी चिकटवतच नाही. घडीत तीन भोकं पाडून जाळ्याच्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवते. निळा दोरा, हिरवा दोरा, घरात मैलभर आहे. गोंदच नाही तर बुरशी कशाला येईल?

माडाखालची | ११ ऑगस्ट, रात्री १०:०५

ताई, चार खोके!! मी दर वेळी सगळा पसारा मांडायचे आणि सगळा आवरायचे. त्यातच वीस मिनिटं जायची.

जांभा | १२ ऑगस्ट, रात्री ९:३०

मी रत्नागिरी तालुक्यात माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. हवेचं आणि कागदाचं सांगतो, जरा लांबेल.

तुमची पत्रं वळली त्याला दमट हवा हे अर्धंच कारण. कागद यंत्रावर बनताना त्यातले तंतू बहुतेक एका दिशेला झोपतात. ओल लागली की कागद तंतूंच्या आडव्या अंगाने जास्त फुगतो. पुढचं जाड पान उभ्या तंतूंचं आणि वर चिकटवलेला तुकडा आडव्या तंतूंचा असेल तर दोघं दोन दिशांना ओढतात आणि मग तो पापड होतो. घडीही तंतूंच्या विरुद्ध घातली तर वरचा थर तडकतो. ओळखायचं कसं? कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने तो आढेवेढे न घेता वाकतो, त्याच बाजूने घडी. सगळे तुकडे एकाच दिशेने कापा. दुकानात आयव्हरी शीट घेताना तिथल्या तिथे हे करून बघतो मी. दुकानदाराला आता सवय झाली आहे.

घडी घालण्याआधी रेघ मारून घ्यायची. शाई संपलेल्या बॉलपेनाची रिफिल आणि पट्टी. कागद कापला जाता कामा नये, नुसता दबला पाहिजे. मग घडी सरळ बसते.

आता लव. तुम्ही मैद्याची खळ वापरली होती का? लव फक्त चिकटवलेल्या जागी आली म्हणता म्हणून विचारतो. खळ म्हणजे बुरशीला पंचपक्वान्न. कसरीलाही तीच आवडते. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते याचसाठी. पण मोरचूद विषारी आहे, घरात लहान मुलं असताना त्या भानगडीत पडू नका. फेव्हिकॉल वापरा, तोही अख्ख्या पानाला फासू नका. त्यात पाणी असतं, पान भिजतं, फुगतं, वाळताना आखडतं. चार कोपऱ्यांना आणि मध्ये एक असे ठिपके पुरेत. घोटीव कागदाचे तुकडे असतील तर कांडीचा गोंद चालतो. दुहेरी चिकटपट्टी मात्र पावसाळ्यात नको, गणपतीत लावलेली दसऱ्यापर्यंत सुटते. चिकटवल्यावर एक रात्र दाबून ठेवायचं. आमच्याकडे पाटा आहे. पाट्याखाली वर्तमानपत्र, त्यात पत्रं. वाटण मिक्सरमध्ये होतं, त्यामुळे पाट्याला हल्ली एवढंच काम.

आणि प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारणं म्हणजे ओल आत कोंडणं. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा घ्या. कडक ऊन पडलेल्या दुपारीच तो भरा. तळाशी कोरडे भाजलेले तांदूळ फडक्यात पुरचुंडी करून. मिठात घालतो तसेच. बुटांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या खड्यांच्या पुड्या असतील तर त्याही. कसरीसाठी वेखंडाचा तुकडा.

माडाखालची | १२ ऑगस्ट, रात्री १०:४८

खळच होती. मैद्याची. सासूबाईंनी प्रेमाने करून दिलेली. आता त्यांना काय सांगू?

आंबोळी | १३ ऑगस्ट, सकाळी ७:१०

डब्याबद्दल एक अनुभवाचे बोल. मी पत्रं चुलीवरच्या माळ्यावर ठेवली होती, कोरडी राहतील म्हणून. राहिली कोरडी. पण शेजारी सुक्या बांगड्यांचा डबा होता. पुण्याच्या वहिनीने पाकीट उघडल्यावर त्यांचं मांजर दिवसभर त्या पत्रावर बसून होतं.

वेळेचं म्हणाल तर भेंडी. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला करायचो तेच. दोन दिवसांची जरा निबर भेंडी आडवी कापायची, पाच पाकळ्यांचं फूल तयार. ताज्या भेंडीला बुळबुळ फार, रंग पसरतो. कापलेलं तोंड फडक्याने टिपून दहा मिनिटं तशीच ठेवा. पोस्टर कलर घट्ट हवा, पाणी अगदी थेंबभर. अर्ध्या तासात २० कार्डं होतात आणि ती पोरंच करतात. उरलेली भेंडी भाजीत. (रंग न लागलेली.)

बोरिवलीतला राजापूरकर | १३ ऑगस्ट, दुपारी १:००

राग मानू नका, पण एवढा खटाटोप कशाला? व्हॉट्सॲपवर एक छान फोटो टाकला की दोन मिनिटांत २०० लोकांना शुभेच्छा. आणि गंमत म्हणजे शुभेच्छापत्र हा प्रकारच मुळी वेळ नाही म्हणून जन्माला आला. लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे एक उद्योगी गृहस्थ होते. नाताळात येणाऱ्या पत्रांना उत्तरं लिहायला त्यांना सवड होईना. १८४३ साली त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, त्याच्या हजारेक प्रती छापल्या, वर नाव लिहायला जागा सोडली. झालं काम. उरलेली एकेक शिलिंगला विकली. म्हणजे पहिलं कार्डच फॉरवर्ड होतं!

हर्णैकरीण | १३ ऑगस्ट, दुपारी १:२५

दादा, त्या कोलसाहेबांनी नाव तरी हाताने लिहिलं. तुम्ही गेल्या पाडव्याला टाकलेल्या फोटोवर दुसऱ्याच कुणाच्या तरी सहकुटुंबाचं नाव होतं.

बोरिवलीतला राजापूरकर | १३ ऑगस्ट, दुपारी १:३२

मान्य. गप्प बसतो.

टपालहंशील | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४५

मी टपाल खात्यातून निवृत्त. चौतीस वर्षं शिक्के मारले. पत्रं करणाऱ्यांनी एकदा आमच्या बाजूनेही बघावं म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट वजन. साधं पत्र २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. लोक ए-४ मापाची जाड शीट मधोमध दुमडतात. २५० जीएसएमची (चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारी) शीट असेल तर कागदच साडेपंधरा ग्रॅमच्या वर. त्याला मोठं पाकीट आलं, वर चिकटवाचिकटवी आली, की २० पार. आणि पाठवणारा ५ चंच तिकीट लावून मोकळा. मग कमी पडलेल्या पैशाच्या दुप्पट ज्याला पत्र मिळतं त्याच्याकडून घेतात. दिवाळीच्या दिवशी पोस्टमन दारात उभा राहून "नॉटपेड आहे, पैसे द्या" म्हणतो, तेव्हा शुभेच्छांचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. त्यापेक्षा ए-४ चे दोन भाग करा, अर्धी शीट दुमडा. कागद पावणेआठ ग्रॅम. पाकिटासकट आरामात बसतं. शंका असेल तर वाण्याच्या नको, सोनाराच्या काट्यावर ठेवा.

दुसरी गोष्ट शंखशिंपले. आपल्याकडची पोरं किनाऱ्यावरचे शिंपले पत्रावर चिकटवतात. दिसतं सुंदर. पण तिकिटावर शिक्का हाताने मारतात आणि जोरात मारतात. शिवाय पत्रांचे गठ्ठे दोरीने आवळून पिशवीत जातात, पिशवी फेकली जाते. मी असा एक गठ्ठा सोडला होता. त्यातून मूठभर चुरा पडला आणि शेजारची चार पाकिटं फाटली. जाडजूड काही लावायचंच असेल तर पाकिटाच्या डाव्या खालच्या अंगाला येईल असं लावा. तिकीट उजवीकडे वर असतं.

तिसरी गोष्ट पत्ता. जेल पेनने लिहू नका. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो, पोस्टमनच्या पिशवीत पाणी जातं, "चिपळूण" चं नुसतं "चि" उरतं. बॉलपेन वापरा. आणि पिनकोड घालाच. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, आणि ज्यांनी ही पद्धत बसवली ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, संस्कृत कवी. त्यांच्यासाठी तरी सहा आकडे लिहा.

रजिस्टर पोस्ट यंदा, २०२५ मध्ये, स्पीड पोस्टात विलीन होतंय, तेव्हा "रजिस्टर करू का" हा प्रश्नही मिटला.

माडाखालची | १३ ऑगस्ट, रात्री १०:३०

काका, माझं पहिल्या वर्षीचं ४० पत्रांचं प्रकरण ए-४ दुमडलेलं आणि ५ रुपयांचं तिकीट लावलेलं होतं. कोणी काही बोललं नाही! म्हणजे ४० घरांनी गुपचूप पैसे भरले की काय?

टपालहंशील | १४ ऑगस्ट, सकाळी ९:००

किंवा कुणीतरी डोळेझाक केली असेल. दिवाळीत होते कधी कधी.

वाडीची चेडू | १४ ऑगस्ट, रात्री ८:२०

गो बाय, माका ह्या वाचून हसूच इला. माझ्या आवशीन सगळो जन्म चुलीकडे काढल्यान. पण दर दसऱ्याक मुंबयच्या भावाक पाकीट जाय. जुन्या वहीचो कागद, दोन ओळी आणि एक आपट्याचा पान. मामा अजून सांगता, पानाक माती लागलेली आसायची, ती तो पुसत नसे.

आता शुद्ध लिहिते, नाहीतर संपादक ओरडतील. मी सावंतवाडीची. आमच्याकडे गंजिफा होतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. गोल पत्ते, दशावतारी संचात १२०. दहा अवतार, प्रत्येकाचे १२. कला जवळजवळ संपत आली होती. सावंतवाडी संस्थानच्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यातच चित्रकारांना बसवून १९७० च्या दशकात ती परत उभी केली. मी तिथे काम करत नाही, पण लहानपणापासून बघते. त्यातलं एक तुमच्या कामाचं आहे. पत्त्याला आधी चिंचोक्याच्या खळीचा हात देतात, मग रंग. जांभा सरांनी मैद्याच्या खळीला नाव ठेवलं, पण चिंचोक्याची खळ घट्ट धरते आणि पातळ लावता येते. चिंचोके भाजून, सोलून, रात्रभर भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. ती फार दिवस टिकत नाही, त्याच आठवड्यात संपवायची.

आणि पत्र चौकोनीच हवं असं कुणी सांगितलं? वाटी ठेवून गोल कापा. गोलाला कोपरे नाहीत, त्यामुळे दुमडायचे, मळायचे कोपरेही नाहीत.

जांभा | १४ ऑगस्ट, रात्री ९:०५

चिंचोक्याचं पटलं. पण बुरशी तिलाही धरते, पावसाळा संपल्यावर करा. आणि रंग विकत आणायला नको असेल तर आपल्या दारातली लाल माती वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात कालवा. जांभ्या दगडाचा तो रंग मला कुठल्याच ट्यूबमध्ये मिळालेला नाही. उन्हाने उडतही नाही. हळद मात्र उडते. महिनाभरात फिकी.

पडवी | १५ ऑगस्ट, दुपारी ३:३०

पिंपळाचं जाळीदार पान कोणी लावतं का पत्रावर? पुस्तकात ठेवलेलं कधीच जाळीदार होत नाही, नुसतं वाळतं.

आंबोळी | १५ ऑगस्ट, दुपारी ४:१०

पाण्यात बुडवून दोन-तीन आठवडे ठेवायचं, अधूनमधून पाणी बदलायचं, मग जुन्या मऊ टूथब्रशने हळूच गर काढायचा. वास येतो. भांडं घरापासून लांब ठेवा. मी न्हाणीच्या मागे ठेवलं होतं, सासऱ्यांना वाटलं उंदीर मेलाय, त्यांनी अख्खी मागची बाजू खणून काढली.

सोलकढी | १५ ऑगस्ट, रात्री ९:००

आणि गणपतीला आलेले चाकरमानी परत जाताना त्यांच्याच हाती पाकिटं द्यावीत. टपालखर्च शून्य.

हर्णैकरीण | १५ ऑगस्ट, रात्री ९:२०

दिली होती. "दिवाळीला उघडा" असं वर मोठ्या अक्षरात लिहून. पेणच्या पुढे जायच्या आत सगळ्यांनी उघडून फोन केले.

माडाखालची | १४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

धागा वर काढतेय. माफ करा, गणपती आणि नवरात्रात काही लिहिता आलं नाही.

२५ म्हटलं होतं, २३ झाली. काल पोस्टात टाकली. हर्णैकरीण ताईंचे चार खोके आमच्याकडे तीन झाले, कारण चौथ्या खोक्यातले पेढे संपायला वेळ लागला. कापणं आणि घड्या गणपतीच्या आधी दोन रात्रींत. ठसे मुलाने आणि त्याच्या दोन मित्रांनी एका रविवारी. पत्ते मी धोपाव्याच्या जेट्टीवर बोटीची वाट बघत लिहिले. रोज दोन. तिकीट देणारा पोरगा आता "आज कोणाला?" असं विचारतो. सोनाराकडे वजन केलं, १३ ग्रॅम भरलं. सोनार म्हणाला, वहिनी, घडणावळ किती लावू?

लाल मातीचा रंग सुरेख आला. जांभा सर, तुमच्यासाठीही एक केलंय, पण पत्ता मागायचा धीर झाला नाही. निरोप पाठवाल का?

एक गोंधळ झाला तोही सांगते. शेवटची सहा मी हळदीने रंगवली होती, पूर्ण पिवळी, मध्ये पणती. वाळत घातली होती पडवीत. सासूबाई पान खातात. पान लावून झाल्यावर चुन्याचं बोट तसंच, आणि त्यांनी एकेक पत्र उचलून कौतुकाने बघितलं. संध्याकाळी मी आले तर सहाच्या सहा पत्रांवर लालभडक बोटांचे ठसे. हळद आणि चुना, कुंकूच की. मी डोक्याला हात लावला. तर मुलगा म्हणतो, आई, भेंडीपेक्षा हे भारी दिसतंय. मग काय, सासूबाईंनाच बसवलं, पुन्हा चुना लावून, आता नीट पणतीच्या भोवती बोटं उमटवायला. खळ नाकारल्याचा त्यांचा राग त्यातच गेला.

त्यातलं एक मावशीला गेलंय. अजून फोन आलेला नाही.

टपालहंशील | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

परवा टाकलंत म्हणता, म्हणजे गिरगावात शनिवारपर्यंत. पत्ता बॉलपेनने लिहिलात ना?

माडाखालची | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:५५

हो काका, बॉलपेननेच. बोट आली, पळते.